मंडळीत आपलं ओझं कोणाला सांगावं, आणि किती?

ओसरी

दर रविवारी उपासना संपली की दाराशी कुणीतरी हात हातात घेऊन विचारतं, "काय, कसं चाललंय?" माझं उत्तर ठरलेलं असतं, "प्रभूची कृपा, छान." छान काही नसतं.

वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. मध्यरात्री उठून कपाट उघडतात, शर्टाची बटणं लावत "उशीर झाला, निघतो" म्हणतात. निवृत्त होऊन किती वर्षं लोटली. आईचे गुडघे साथ देत नाहीत. भाऊ लांब असतो, फोनवर हळहळतो. नोकरी सांभाळून बाकी सगळं माझ्याकडे.

आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक प्रेमळ आहेत, तक्रार नाही. पण सांगायचं म्हटलं की दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे प्रार्थना-विनंत्यांचा ग्रुप. त्यात एखाद्याचं दुखणं टाकलं की जोडलेल्या हातांची रांग लागते आणि खाली लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो. दुसरं म्हणजे प्रेषित पौल. बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रात तो एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, आणि तिथून तीनच वचनांनी म्हणतो की प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा. मी कायम त्या दुसऱ्या वचनापाशी अडते. आपल्या आईवडिलांचं आपणच करायचं, त्यात दुसऱ्याला काय सांगायचं?

तुम्ही सांगता का? कोणाला? सांगून खरंच काही हलकं झालं का?

पायवाट

"प्रभूची कृपा, छान." अगदी अगदी. हे वाक्य आमच्याकडे तर घाऊक भावात चालतं.

खडूस_काकू

आमच्याकडे प्रार्थना-विनंती अशी येते: "नाव सांगत नाही हं, पण तिसऱ्या ओळीत डावीकडे बसतात, मुलगा परवाच नोकरी सोडून आलाय, त्यांच्यासाठी प्रार्थना करा." स्वर्गात पोचायच्या आधी विनंती गावभर पोचलेली असते.

मोजकंच

काकू, हसू आलं, पण माझ्या बाबतीत हे खरोखर घडलंय. संसारातली एक गोष्ट मी एका ज्येष्ठ बाईंना विश्वासाने सांगितली. पुढच्या प्रार्थनासभेत तीच गोष्ट "एका बहिणीचं घर तुटायला आलंय" अशी माझ्यासमोर मांडली गेली, आणि सगळ्यांनी डोळे मिटून माझ्यासाठी कळकळीने प्रार्थना केली. मीही डोळे मिटून बसले होते. आमेन म्हणावं की उठून जावं, कळेना.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. देवाला सांगा, त्याच्याकडून बाहेर जात नाही. माणसांना सांगायची सक्ती कुठल्याही शास्त्रात नाही.

शाईपेन

मोजकंच, वाईट वाटलं वाचून. त्या बाईंनी केलं ते चूकच. पण "माणसांना सांगू नका" इथपर्यंत मी येऊ शकत नाही. ते शेवटी लिहितो.

आधी ओसरी यांचा पौलाचा प्रश्न. ती दोन वचनं सुटी वाचली की भांडतात. मधलं वचन वाचून बघा. तिथे पौल म्हणतो की प्रत्येकाने आपलं काम पारखावं, दुसऱ्याशी तुलना करून फुशारकी मारू नये. त्याच्याच पुढे "आपला भार" येतो. म्हणजे विषय आपल्या वागण्याचा हिशेब देण्याचा आहे. माझ्या रागाचा, आळसाचा, खोटेपणाचा जाब मलाच द्यावा लागणार, तो शेजाऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. घरातलं आजारपण त्या हिशेबात बसतच नाही, ते आधीच्या वचनातलं ओझं. वडिलांसाठी मदत मागितली म्हणून तुम्ही तुमचा भार टाकला असं होत नाही.

आता माणसांना सांगण्याबद्दल. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत येशू काय करतो? बाकीच्या शिष्यांना एका जागी बसवतो, पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना पुढे नेतो, आणि आपला जीव मरणप्राय खिन्न झालाय हे त्यांना सांगतो. मग आणखी थोडं पुढे जाऊन एकटा प्रार्थना करतो. पाच हजारांना जेवू घालणाऱ्याने हे गर्दीला सांगितलं नाही. बारांनाही नाही. पण सांगितलंच नाही असंही नाही.

खडूस_काकू

आणि ते तिघे झोपले. निवड करून सांगितलं तरी हमी नाही म्हणायची.

शाईपेन

काकू __/\__ पण झोपले तरी त्यांना सोडून दिलं नाही, परत येऊन उठवलं. तेही तीनदा.

शंकासुर

मी देवबिव मानत नाही, धागा रस घेऊन वाचतोय. एक सरळ प्रश्न, राग नसावा. "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" ही काहीही न करण्याची सर्वात सभ्य पद्धत नाही का? वडिलांपाशी रात्री कोण बसणार, हा प्रश्न जोडलेल्या हातांच्या रांगेने सुटतो का?

जुनीपानं

शंकासुर, तुमच्या आधी हा टोमणा बायबलमध्ये याकोबाने मारून ठेवलाय. त्याच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे, आणि तुम्ही तिला "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणता, पण लागणारी वस्तू देत नाही, तर काय उपयोग? मंडळीतल्या लोकांनाच लिहिलेलं आहे हे.

इतिहासातलं एक उदाहरण देतो, जरा लांबेल. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाच्या मेथडिस्ट पंथाच्या लोकांसमोर सभागृहाच्या कर्जाचा प्रश्न होता. एकाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, अहो, कित्येकांना तेवढंही जमत नाही. तेव्हा सुचवणारा म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमेल तो देईल, नाही जमलं तर त्याचे मी भरीन. बाकीच्यांनीही तसेच अकरा-अकरा शेजारी वाटून घेतले.

आता गंमत बघा. पेनी गोळा करायला माणूस दर आठवड्याला घरात जाऊ लागला. घरात गेलं की दिसतंच, कोण दारू प्यायला लागलंय, कुठे नवराबायकोचं बिनसलंय, कोण अंथरुणाला खिळलंय. हे वेस्लीच्या कानावर आलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपण इतके दिवस शोधत होतो ते हेच. पुढे घरोघर जाण्याऐवजी तो गट आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला. बारा-एक माणसं आणि त्यांच्यातलाच एक पुढारी, म्हणजे पाळक (मंडळीचा धर्मगुरू) नव्हे, साधा सभासद. मेथडिस्टांचे ते प्रसिद्ध 'क्लास' निघाले ते असे, कर्जवसुलीतून.

मला यातली नेमाने येण्याची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दाराशी उभं राहून "कसं चाललंय" विचारणाऱ्याला खरं उत्तर कुणी देत नाही. दर आठवड्याला येणाऱ्यापुढे खोटं फार काळ टिकत नाही.

पायवाट

म्हणजे देवाने कर्जालाही कामाला लावलं. +१

घंटाघर

मी कॅथलिक. मोजकंच यांचा अनुभव वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे पापनिवेदनात सांगितलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत. कोर्टात उभं केलं तरी नाही, जीव धोक्यात असला तरी नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, ९८३ वं कलम याचसाठी आहे, आणि जाणूनबुजून फोडलं तर धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावं हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासूनचा. पापनिवेदनाच्या वेळी फादर आणि आपल्यामध्ये जी जाळी असते, तिच्यापलीकडे बोललेलं तिथेच राहतं, ही खात्री फार मोठी आहे.

मोजकंच

घंटाघर, हेवा वाटला. पण वडील रात्री उठतात हे काही पाप नाही ना. ते जाळीपाशी कसं सांगणार?

घंटाघर

बरोबर. पापनिवेदन पापाचं, चिंतेचं नाही. पण सांगणारी जे सांगते त्यात बहुतेक वेळा दोन्ही एकत्रच असतं. "मी वडिलांवर ओरडले, हात धरून ओढत खाटेवर नेलं." हे निवेदन आहे. त्याच्या मागे किती रात्रींचं जागरण आहे ते चांगल्या धर्मगुरूला कळतं. क्षमा मिळते, पण जागरण तसंच राहतं. त्यासाठी माणसंच लागतात.

दुसरी_बाजू

समुपदेशनाचं काम करते, शिवाय मंडळीतही आहे, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

ओसरी, तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही आईचे गुडघे सांगितलेत, भावाचा फोन सांगितलात. स्वतःची झोप किती होते ते कुठेच नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचं करणारी व्यक्ती स्वतः निराशेत जाणं हे आम्ही सर्रास बघतो. तसं वाटलं तर डॉक्टरांकडे जा. कुणी "विश्वास कमी पडतोय" म्हणालं तर त्यांना एलीया वाचायला द्या. एवढा मोठा संदेष्टा रानात झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणतो. देवदूत येऊन काय करतो? उपदेश नाही. शिवून उठवतो, खा म्हणतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा उठवतो, पुन्हा खा. देवाशी बोलणं त्यानंतर, पुष्कळ चालल्यावर.

आणखी एक. चॅड व्हारा नावाच्या अँग्लिकन पाळकाने १९५३ मध्ये लंडनमध्ये जीव द्यायला निघालेल्यांसाठी फोनची सोय सुरू केली, तीच आजची 'समॅरिटन्स'. लोक त्याला भेटायला यायचे, बाहेर ताटकळत बसायचे, आणि तिथे असलेले स्वयंसेवक त्यांच्याशी बोलत बसायचे. होता होता व्हाराच्या ध्यानात आलं की बऱ्याच जणांना आत येऊन त्याला भेटायची गरजच उरत नाहीये. बाहेरच्या साध्या माणसांनी ऐकलं, तेवढ्याने काम झालेलं असायचं. मग त्याने ते कामच त्यांच्या हाती दिलं. स्वतः पाळक असून संस्थेत धर्मप्रचार ठेवला नाही, हेही सांगायला हवं.

तेव्हा "कोणाला सांगू" याचं उत्तर दर वेळी पाळक किंवा तज्ज्ञ असायला नको. मात्र ऐकणाऱ्याला गप्प बसता आलं पाहिजे. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, चकार शब्द बोलले नाहीत. बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

खडूस_काकू

ईयोबाच्या मित्रांचं खानदान आमच्या मंडळीत सुखाने नांदतंय. "देवाची काहीतरी योजना असेल." अहो असेल, पण तोवर जरा भांडी विसळायला घ्या की.

आकाशकंदील

मी ख्रिस्ती नाही. शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आहे, त्यांच्याकडे दर आठवड्याला चार लोक जमून गाणी म्हणतात, प्रार्थना करतात. माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्यांतले दोघं येऊन विचारपूस करून गेले, औषधं आणून दिली. नंतर मनात आलं, हे आपल्याला ओढायला तर येत नाहीत? म्हणून विचारते, ओझी वाहायची ती "एकमेकांची" म्हणजे फक्त आपल्यातल्यांची का?

शाईपेन

त्याच अध्यायात दहाव्या वचनात पौल म्हणतो, संधी मिळेल तसं सर्वांचं बरं करा, विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं. म्हणजे सर्व आधी आलेत. कुणी औषधाच्या बदल्यात काही मागत असेल तर ती सेवा नाही, सौदा आहे. शंका आली तर तोंडावर विचारा. खरा असेल तो रागावणार नाही.

शंकासुर

शाईपेन, हे आवडलं. आकाशकंदील, औषधं आणली ना? मग मी असतो तर गाणीही ऐकून घेतली असती.

मागचा_बाक

पाळकाची बायको. नाव मुद्दाम बदलून आलेय, समजून घ्या.

सगळे आम्हाला सांगतात. मध्यरात्री फोन येतो, हे उठून जातात. कुणाचं मूल, कुणाचं कर्ज, कुणाचं मरण. जेवताना यांचा घास हातात राहतो, काय झालं विचारलं तर सांगता येत नाही, कारण ते विश्वासाने सांगितलेलं. मग ते ओझं आमच्या घरात नुसतं पडून राहतं.

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्याचं असंच झालं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसायचा. सासरा इथ्रो आला, बघितलं, म्हणाला, हे बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आणि प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा बारा प्रेषितांनी "आम्हीच बघतो" म्हटलं नाही. सात जण निवडायला लावले.

आम्हाला वाट सापडली ती दुसऱ्या पंथाच्या एका पाळक जोडप्यात. त्यांची मंडळी वेगळी, आमची वेगळी, कोण कोणाला ओळखत नाही. महिन्यातून एकदा भेटतो. नावं घेत नाही, पण रडून घेतो. मंडळीच्या सभासदांना एवढंच सांगेन की पाळकालाही कधी विचारा, आणि उत्तर ऐकायला थांबा.

पायवाट

मागचा_बाक, येत्या रविवारी आमच्या पाळकांना विचारतो. आजवर सुचलंच नव्हतं.

जुनीपानं

मोशेचा विषय निघालाच आहे तर निर्गम या पुस्तकाचा सतरावा अध्यायही आठवा. अमालेकाशी लढाई चाललीय. मोशेचे हात वर राहिले की इस्राएल जिंकतं, खाली आले की अमालेक. त्याचे हात भरून आले. अहरोन आणि हूर यांनी भाषण केलं नाही. आधी बसायला धोंडा आणून दिला, मग एकाने एक हात धरला, दुसऱ्याने दुसरा, सूर्य मावळेपर्यंत. तो धोंडा मला फार आवडतो. थकलेल्याला आधी बसायला द्यावं हे त्यांना सुचलं.

मोजकंच

मी वर जरा तावातावाने लिहिलं होतं. मतावर ठाम आहे, पण एक भर घालते. माझी एक वेळ अशी आली होती की देवालाही सांगता येत नव्हतं. शब्दच नाहीत. स्तोत्रं उघडली तर अठ्ठ्याऐंशीवं निघालं, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आशेची ओळसुद्धा शेवटी येत नाही. ते मात्र म्हणता आलं. ज्याने कुणी ते शास्त्रात ठेवलं त्याचे उपकार.

शाईपेन

मोजकंच, मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती माणूस आठवला. चौघं त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, तर छप्पर उसकटून खाटेसकट खाली सोडतात. येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असं लिहिलंय. पक्षघाती माणूस त्या अवघ्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. तुम्हाला शब्द सापडत नव्हते त्या दिवसांत दुसऱ्या कुणी विश्वास धरला तर तो चालतो. पण चौघांना तुम्ही आजारी आहात हे माहीत असायला हवं ना!

खडूस_काकू

आणि ज्याचं छप्पर, त्याने काय म्हटलं ते मार्काने लिहिलेलं नाही. मंडळीच्या बांधकाम समितीवर असते तर मी पावती फाडली असती.

दुधावरची_साय

धागा छान चाललाय. आमच्या सासूबाईंना हाच आजार होता. मंडळीने काय केलं तेवढं सांगते, कारण ओसरी यांना ते उपयोगी पडेल.

"काही लागलं तर सांगा" असं सगळेच म्हणत. चांगल्या मनाने म्हणत, पण त्यात काम उलट आपल्याच अंगावर येतं. काय लागतंय ते आपणच ठरवायचं, कोणाला जमेल ते शोधायचं आणि संकोच गिळून फोनही आपणच करायचा. आमच्या एका सेविका बाईंनी वेगळं केलं. वही घेऊन आल्या आणि विचारलं, "तुला आठवड्यातली सगळ्यात जड वेळ कोणती?" मी म्हटलं, गुरुवारची संध्याकाळ. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. पुढच्या गुरुवारपासून चार ते सहा एक निवृत्त गृहस्थ येऊन बसू लागले.

सासूबाई त्यांना दर वेळी तीच गोष्ट सांगत, लग्नाच्या दिवशी चप्पल हरवल्याची. ते दर वेळी विचारत, "मग सापडली का?" सासूबाई खुदकन हसून म्हणत, "तेच तर सांगते." मी तेवढ्यात आतल्या खोलीत झोपून घेई. ते गृहस्थ प्रार्थना करत की नाही, मला ठाऊक नाही. माझ्यासमोर तरी कधी केली नाही.

दुसरी_बाजू

"आठवड्यातली सगळ्यात जड वेळ कोणती?" हा प्रश्न मी उचलतेय, साय. कामावर वापरणार.

शंकासुर

साय, तुमच्या त्या गृहस्थांपुढे माझा वरचा टोमणा मागे घेतो. बाकीच्यांसाठी कायम ठेवतो.

जुनीपानं

अवांतर: येशूचा क्रूस वाहायला लावला तो शिमोन कुरेनेकर स्वेच्छेने पुढे आला नव्हता. शेतावरून येत होता, शिपायांनी वेठीला धरला. पण मार्क त्याच्या दोन्ही मुलांची नावं देतो, आलेक्सांद्र आणि रूफ, म्हणजे वाचणाऱ्यांना ती मुलं परिचयाची असावीत. मनापासून पुढे येणाऱ्यांचीच वाट बघत बसू नये, कधीकधी सरळ एखाद्याचं नाव घेऊन काम सांगावं.

ओसरी

सगळ्यांना एकत्रच लिहितेय.

ग्रुपमध्ये काही टाकलं नाही. शाईपेन यांच्या तिघांवरून विचार केला आणि दोघींनाच सांगितलं. एक माझ्या वयाची, एक आईच्या वयाची. आधीच स्पष्ट म्हटलं की हे प्रार्थनासभेत मांडायचं नाही, नाव न घेताही नाही. (मोजकंच, तुमच्यामुळे.) आईच्या वयाच्या बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "माझ्या यजमानांचं असंच होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं." इतकी वर्षं आम्ही एकाच बाकावर बसतोय.

रविवारी सकाळी त्यांचा मुलगा वडिलांपाशी बसणार आहे, म्हणजे आईला उपासनेला येता येईल. माझ्या वयाच्या मैत्रिणीने बुधवारची रात्र घेतली आहे. दुसरी_बाजू, डॉक्टरांची वेळ घेतली आहे, माझ्यासाठी.

आता अडचण आईची. "परक्यांनी यांना अशा अवस्थेत बघायचं नाही" म्हणते. वडील मंडळीत वडीलजन, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी, होते, लोक त्यांचा सल्ला घ्यायचे. तिला कसं समजवू?

मागचा_बाक

समजवू नका. वडिलांनी ज्यांना मदत केली असेल त्यांच्यातल्याच एकाला बोलवा आणि आईशीच बोलू द्या. पहिल्या वेळी आईने तिथेच बसायचं, उठून जायचं नाही. अंघोळ-कपडे वगैरे घरच्यांनीच करायचं, आलेल्याने नुसतं बसायचं, हे आधी ठरवून टाका. बहुतेक आया दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आपणहून स्वयंपाकघरात जातात.

दुधावरची_साय

+१. आणि आलेल्या माणसाला वडिलांच्या गोष्टी आधी सांगून ठेवा. "कामावर जायचंय" म्हणाले तर "आज सुट्टी आहे" म्हणायचं की "थांबा, मीही येतो" म्हणायचं, ते तुम्हालाच माहीत असणार.

ओसरी

"थांबा, मीही येतो" चालतं. सुट्टी म्हटलं की चिडतात, कोणी दिली विचारतात.

खडूस_काकू

खरा नोकरदार माणूस.

शंकासुर

ओसरी, कोणती रात्र कोणाची याचं वेळापत्रक फोनवर सगळ्यांना दिसेल असं करून देतो, आदल्या दिवशी आठवणही जाईल. प्रार्थना तुमच्या तुम्ही बघा.

ओसरी

शंकासुर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत.